विषय : गावच्या पाणीयोजनेसाठी देणगी द्यावी की कर्जाची वाट धरावी?

सप्रेम नमस्कार,

खटाव तालुक्यातील एका गावाला जलवाहिनीसाठी मंडळाने देणगी द्यावी, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आला आहे. अमेरिकेत लहान गावांनाही पिण्याच्या पाण्याच्या कामांसाठी सरकार अल्प व्याजाने कर्ज देते. आपल्याकडे तशी सोय असल्यास देणगीऐवजी तो मार्ग सुचवावा का? जाणकारांनी आपले मत कळवावे.

चिटणीस (मूळ गाव कोरेगाव)

---

चिटणीससाहेब, नमस्कार.

मी इथे अमेरिकेतल्या एका शहराच्या पाणी विभागात नोकरी करतो, त्यामुळे या कर्जांची प्रकरणे नेहमी पाहण्यात येतात. १९९६ मध्ये येथील सुरक्षित पेयजल कायद्यात दुरुस्ती झाली आणि राज्याराज्यांत फिरता निधी उभा राहिला. केंद्र सरकार राज्याला अनुदान देते, राज्य त्या अनुदानाच्या २० टक्के रक्कम स्वतःची घालते आणि त्यातून पाणीपुरवठा संस्थांना बाजारदरापेक्षा कमी, प्रसंगी शून्य टक्के व्याजाने कर्ज मिळते. बचत गटाच्या पेटीप्रमाणे फेडीचे हप्ते त्याच निधीत परत येतात आणि पुढच्या गावाच्या कामी येतात. २०१८ पासून परतफेडीची मुदत ३० वर्षांपर्यंत, तर दुर्बल वस्त्यांसाठी ४० वर्षांपर्यंत देता येते.

मला मात्र व्याजदरापेक्षा त्यामागची अट अधिक मोलाची वाटते. योजना चालवण्याची तांत्रिक, व्यवस्थापकीय आणि आर्थिक क्षमता ज्या संस्थेकडे नाही, तिने आधी सुधारणा मान्य केल्याखेरीज कर्ज मिळत नाही. म्हणजे पाणीपट्टीचा दर खर्चाला पुरतो का आणि यंत्रणा चालवणारा माणूस प्रशिक्षित आहे का, हे पैसे सुटण्यापूर्वीच पाहिले जाते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी गेले ते आमच्या मिरजेहून, आणि त्याच मिरजेत आमच्या आळीत खालच्या घरांनी नळाला थेट मोटर लावली की वरच्या घरांच्या बादल्या रिकाम्या राहत असत. नवे पाइप टाकून हे दुखणे जात नाही. कराडशेजारच्या मलकापूरने घरोघर मीटर बसवले, वापर वाढेल तसा चढता दर लावला आणि चोवीस तास पाणी देऊन दाखवले. आपल्याकडेही नाबार्डचा ग्रामीण पायाभूत विकास निधी १९९५-९६ पासून आहे आणि शहरांसाठी २०२३ च्या अर्थसंकल्पात तसाच निधी जाहीर झाला. तेव्हा कर्जाची वाट जरूर तपासावी, असे मला वाटते.

आपला, एक मिरजकर

---

मिरजकर दादा,

आपण सविस्तर लिहिलेत, आभारी आहे. परंतु नाबार्डच्या त्या निधीत कर्जदार राज्य सरकार असते, ग्रामपंचायत नव्हे. त्यामुळे गावाला ‘कर्ज घ्या’ असे सांगून काही साधणार नाही. शिवाय २०१९ पासूनच्या जल जीवन मिशनमध्ये आपल्या राज्यात केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा भार उचलतात आणि गावांतर्गत कामासाठी लोकवर्गणी साधारणपणे १० टक्केच असते. माणशी रोज ५५ लिटर देणाऱ्या नळयोजनेला भांडवल मिळते. अडते ते महिन्याच्या खर्चावर. माण तालुक्यातील माझ्या माहेरी टाकी उभी आहे, पाइप आहेत, पण वीजबिल थकल्याने पंपाची जोडणी तोडली होती आणि पाणी सोडणाऱ्याचा पगारही राहिला होता. बायकांच्या डोक्यावरचा हंडा काही उतरला नाही. तुमच्या अमेरिकेतसुद्धा गरीब वस्त्यांना मुद्दल माफ करतातच ना?

आपली, एक माणदेशी ताई

---

ताई,

हो, करतात. २०२१ च्या कायद्याने त्या फिरत्या निधीत जी भर घातली, तिचा जवळजवळ निम्मा भाग अनुदान किंवा मुद्दलमाफीच्या रूपाने दुर्बल वस्त्यांना द्यायचा आहे. तेव्हा कर्जाचा विचार सांगली-साताऱ्यासारख्या शहरांपुरता ठेवावा, हे मला पटते. खटावच्या गावाला जलवाहिनीसाठी पैसे देण्याआधी ग्रामसेवकांकडून मागील तीन वर्षांची पाणीपट्टीची मागणी व वसुली, पंपाच्या वीजबिलाची थकबाकी आणि एप्रिल-मेमध्ये विहिरीला किती पाणी राहते याची माहिती मागवावी. विहीरच आटत असेल, तर जलवाहिनी कोरडीच राहील. वसुली तुटपुंजी असेल, तर मंडळाचा पैसा मीटरसाठी आणि गावच्या पाणीपुरवठा समितीच्या प्रशिक्षणासाठी अधिक उपयोगी पडेल. ही कागदपत्रे हाती येईपर्यंत कार्यकारिणीने प्रस्ताव मताला टाकू नये, अशी विनंती आहे.

आपला, एक मिरजकर