डासांच्या अळ्या बघायला कोणता मायक्रोस्कोप घ्यावा?

तुळसवाली
कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी फेकायला गेले तर लेक आडवी आली. "आई थांब, यात काहीतरी वळवळतंय." तेव्हापासून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत सतरा अळ्या आमच्या खिडकीत मुक्कामाला आहेत. लेक सातवीत आहे, तिला त्या मायक्रोस्कोपखाली बघायच्यात. ऑनलाइन '१२०० पट' असं छापलेले प्लास्टिकचे संच दिसतात. बजेट पाच हजारांच्या आत. कोणता घेऊ? आणि अळी एका जागी राहावी म्हणून काय करायचं? चमच्यात घेतली तरी गिरक्या मारते.

खडूफळा
ताई, १२०० पट विसरा. तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंय, म्हणून हक्काने सांगतो. पूर्ण वाढलेली अळी ६-७ मिमी लांब असते. शाळेतल्या साध्या मायक्रोस्कोपला १० पटीचा आयपीस (डोळा लावतो ते भिंग) आणि खाली ४ पटीचं भिंग लावलं की झाले ४० पट, आणि तेव्हा जेमतेम साडेचार मिमीचं वर्तुळ दिसतं. म्हणजे ४० पटीलाच अळी मावत नाही! डोकं बघा नाहीतर शेपूट.
आधी घड्याळजी वापरतात तसलं १० पटीचं भिंग आणा. पांढऱ्या बशीत थोडं पाणी, त्यात अळी, वरून भिंग. निम्मी मजा तिथेच आहे. मग ओळखीत कुणाकडे कॉलेजचा जुना मायक्रोस्कोप पडून असेल तर तो घ्या. फक्त ४ पटीचं भिंग आहे ना, एवढं तपासा. पुष्कळ खेळण्यांत तेच नसतं.

पावशेर
फोल्डस्कोप? स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांचा, कागदाची घडी घालून बनतो तो. १४० पट, आणि खिशाला परवडतो.

खडूफळा
चांगलाच आहे, पण यासाठी पहिला नको. नुकती अंड्यातून निघालेली, मिलिमीटरभराची अळी त्यात छान दिसते. मोठी अळी म्हणजे दाराच्या फटीतून हत्ती.

कोकणकडा
स्थिर ठेवण्याबद्दल. मी पहिल्या दिवशी हौसेने वरून पातळ काच ठेवली आणि अळीचा चिखल झाला. तसं करू नका. मध्ये खळगा असलेली काचपट्टी मिळते, त्यात ड्रॉपरने एक थेंब पाणी आणि एक अळी. मग टिश्यूपेपरच्या टोकाने पाणी टिपत जा, अळी ओली राहील पण पोहू शकणार नाही इतपत. तरी ऐकत नसेल तर कापसाचे दोन-चार तंतू विस्कटून थेंबात टाका, त्यांत अडकते. किंवा अळी असलेली वाटी पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, सुस्तावते. उजेड कमी ठेवा. झगझगीत उजेडात सगळं पारदर्शक होऊन काहीच कळत नाही.
काय बघायचं ते सांगतो. अंगभर समांतर धावणाऱ्या दोन नळ्या दिसतील, त्या हवेच्या. शेपटीकडच्या श्वासनळीत जाऊन उघडतात, म्हणून तर ती पाण्याच्या वरच्या थराला उलटी लटकते. पाठीच्या मध्यरेषेवर नीट बघत राहिलात तर काहीतरी धडधडताना दिसेल. ते हृदय! मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा चहा गार झाला. आणि तोंडाशी दोन झुपके सारखे पाणी ओढत असतात, झाडू मारल्यासारखे.

तुळसवाली
भिंग आणलं. नळ्या दिसल्या!! या डेंग्यूवाल्या आहेत का हे कळेल?

खडूफळा
बरणीत बाजूने बघा. पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून असेल तर अॅनोफिलीस, तिला शेपटीकडची श्वासनळी नसते. तिरकी लटकणारी आणि नळी लांब, सडपातळ असेल तर क्युलेक्स. नळी आखूड, जाडसर असेल तर एडीस, हीच डेंग्यूवाली. कुंडीखालची ताटली म्हणजे बहुधा एडीसच. पुढे मायक्रोस्कोप मिळाला की १०० पटीला पोटाच्या आठव्या खंडावर काट्यांची एक ओळ बघा. प्रत्येक काट्याला बाजूने छोटे काटे फुटलेले असतील तर एडीस इजिप्ती, साधे सरळ असतील तर एडीस अल्बोपिक्टस.
जाता जाता, रोनाल्ड रॉसने २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी शोधला, ते डासही त्याने अळ्यांपासूनच वाढवले होते. तुमची बरणी चांगल्या परंपरेतली आहे.

कोकणकडा
परंपरा ठीक, पण बरणीला कापड बांधलंय ना? आणि ती ताटली नुसती पालथी घालून भागणार नाही. एडीसची अंडी काठाला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन् महिने तग धरतात. काथ्याने घासा. बघून झाल्यावर अळ्या गटारात ओतू नका, उकळतं पाणी घाला.

तुळसवाली
ताटली घासली. बरणीवर जुनी ओढणी रबराने बांधली आहे. पण आज दोघी स्वल्पविरामासारख्या झाल्यात, काही खात नाहीत. आजारी आहेत का?

कोकणकडा
कोष झाले ते. कोष खातच नाही. दोनेक दिवसांत डास बाहेर येईल. ओढणीचं कापड विरळ नाही ना ते आज रात्रीच बघा.