मदत हवी आहे: रोमन सत्तेचा जांभळा लोकरीवर निळा का उतरतोय?

प्राचीन सत्ताचिन्हांवरच्या प्रदर्शनासाठी लोकरीची १० ग्रॅमची लड टायरियन जांभळ्यात (समुद्री गोगलगायींच्या शंखांतून मिळणारा रंग) रंगवायची आहे. हाच रंग रोमन सिनेटरच्या अंगरख्यावर रुंद पट्टा म्हणून असे. इ.स. ३०१ च्या डायोक्लेशनच्या दरपत्रकात जांभळ्या रेशमाचा भाव पौंडाला १,५०,००० दिनार आहे. कारण उघड आहे: १९०९ साली १२,००० शंखांमधून जेमतेम १.४ ग्रॅम रंग निघाला होता. त्यामुळे शंख नकोच, कृत्रिम डायब्रोमोइंडिगो (त्याच जांभळ्याचा रेणू, म्हणजे ब्रोमीन जोडलेली नीळ) वापरतोय.

द्रावण ५० अंशांवर, पीएच ९ च्या आसपास, हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट, रंग विरघळवणारं क्षपणक) घालून. रंग व्यवस्थित विरघळतो, पण वाळल्यावर लड निळी दिसते, लालसर झाक नाहीच.

संशय उजेडावर आहे. विरघळलेल्या अवस्थेत ऊन लागलं की रेणूतला ब्रोमीन सुटतो आणि मागे साधी नीळ उरते. पातेल्यावर झाकण आहे, खिडकी मात्र उघडी असते. (प्रेक्षकांना हा निळा नमुनाही दाखवण्यासारखा आहे म्हणा!)

ज्यांनी हे केलंय त्यांना विचारायचंय: लाल बल्ब पुरतो की पूर्ण अंधार हवा? लड बाहेर काढल्यावर हवेतलं ऑक्सिडेशनही (हवा लागून रंग परत उठणं) अंधारातच करायचं का, आणि किती मिनिटं? हायड्रो जास्त पडल्यानेही असं होतं का?