कॅनॉपी गोंदाने बसवतोय, पुढे चार स्क्रू ठेवावेत का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

घरी बांधतोय त्या दोन आसनी विमानाची ही दुसरी कॅनॉपी (वैमानिकाच्या डोक्यावरचं ॲक्रिलिकचं पारदर्शक झाकण). पहिली गेली. स्क्रूंसाठी २६वं भोक पाडताना टक् असा आवाज आला आणि भोकापासून काठापर्यंत केसाएवढा तडा. तो पुढे जाऊ नये म्हणून त्याच्या टोकाला बारीक भोक पाडून ठेवलं. रात्रीत गारठा वाढला आणि सकाळी बघतो तर तडा त्या भोकाला वळसा घालून हातभर पुढे गेलेला. ड्रिलची बिट ॲक्रिलिकसाठीचीच होती, घाईही केली नव्हती. बहुतेक भोकाच्या आतल्या भिंतीवर ओरखडा राहिला असावा. ते काही असो, आणखी ४० भोकं पाडायची माझी आता छाती नाही.

म्हणून या वेळी एकही भोक न पाडता कॅनॉपी सिकाफ्लेक्स-२९५ यूव्ही या लवचीक गोंदाने चिकटवायची असं ठरवलंय. फ्रेम स्टीलच्या नळीची, पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला रंगाचा थर) केलेली, पुढच्या बिजागरीवर उघडणारी. मूळ ड्रॉइंगमध्ये स्क्रू आणि रिव्हेट आहेत.

सुरुवातीला मनात सोपा हिशेब होता: गाड्यांच्या काचा कित्येक वर्षं गोंदावरच बसतात, मग आपली का नाही? कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर उत्साह जरा ओसरला. गाडीची काच आणि स्टील तापमानाने जवळपास सारखेच वाढतात, दर अंशाला मीटरमागे काच ९ आणि स्टील १२ मायक्रॉन. ॲक्रिलिक मात्र ७०! माझी कॅनॉपी १.३ मीटर लांब आहे. २० अंशाला चिकटवली आणि उन्हात उभ्या विमानात ती ६० अंशांवर गेली, तर फ्रेमपेक्षा ३ मिमी जास्त लांब होणार. म्हणजे गाडीचं उदाहरण इथे अर्धंच लागू पडतं.

बळाचा हिशेबही केला. ताशी २७० किमी वेगाला हवेचा गतिज दाब साधारण ३.४ किलोपास्कल येतो. कॅनॉपीच्या १.२ चौरस मीटरवर तेवढंच ओढणारं बळ धरलं (उडताना हवा कॅनॉपीला वर खेचते, खाली दाबत नाही) तर सुमारे ४२० किलोचं वजन उलटं टांगल्यासारखं झालं. चिकटण्याची पट्टी ४.५ मीटर लांब आणि २० मिमी रुंद. म्हणजे दर चौरस मिमीला ०.०५ न्यूटनच्याही आत. गोंदाच्या डेटाशीटवरचा आकडा याच्या कित्येक पट आहे. तरी रात्री डोळ्यासमोर कॅनॉपी उडून जातेच, त्याला काय करणार.

पहिल्या कॅनॉपीचे तुकडे कामी आले. पट्ट्या कापून चाचणीसाठी चिकटवल्या, दोन आठवडे ठेवल्या आणि पक्कड लावून सोलल्या. प्रायमर (गोंद नीट धरावा म्हणून आधी लावायचा थर) न लावलेली पट्टी केळ्याच्या सालीसारखी निघाली, ॲक्रिलिक स्वच्छ. सिका प्रायमर-२०९ लावलेली पट्टी गोंदातूनच फाटली, दोन्ही बाजूंना काळा थर राहिला. हे पाहून बरं वाटलं. पण पावडर कोटिंगवर चिकटवलेल्या तिसऱ्या पट्टीत गोंद तसाच राहिला आणि कोटिंगच स्टीलवरून सुटून आलं!

आता माझ्या अडचणी:

पावडर कोटिंग चिकटण्याच्या जागेपुरतं काढावं, की पॉलिश पेपरने नुसतं खरखरीत करून भागेल?

मागच्या डाव्या कोपऱ्यात कॅनॉपी फ्रेमपासून ५ मिमी उचललेली राहते. हाताने दाबली की बसते. क्लॅम्प लावून गोंद सुकेपर्यंत दाबून ठेवली तर चालेल का?

आणि खरा प्रश्न. मनाच्या समाधानासाठी पुढच्या काठाला चार स्क्रू ठेवू का? गोंद सुटलाच तर निदान ते धरतील.

प्रतिसाद १

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं त्यावर अवलंबून आहे. स्क्रू नकोत. गोंद लवचीक आहे, थोडा ताणला गेल्यावरच तो बळ घेतो. स्क्रू ताणला जात नाही. म्हणजे सगळा भार आधी त्या चार भोकांवर येणार आणि गोंद बघत बसणार. वर तुम्हीच काढलेलं ते ३ मिमी प्रसरण. त्याला मोकळीक द्यायची म्हणून गोंद निवडलात आणि चार ठिकाणी खिळून टाकताय. पहिल्या कॅनॉपीला जिथून तडा गेला तसल्याच चार जागा स्वतःहून तयार करताय.

त्या ३ मिमीबद्दल थोडं. मधला भाग जागेवर राहतो, दोन्ही टोकं दीड-दीड मिमी सरकतात. थर ३ मिमी जाड असेल तर हे सरकणं जाडीच्या निम्मं, ते गोंद सोसतो. पण दाबून दाबून थर १ मिमीवर आणलात तर तेच सरकणं जाडीच्या दीडपट होतं. म्हणून फ्रेमवर ठरावीक अंतराने ३ मिमी जाडीचे रबराचे तुकडे चिकटवा आणि कॅनॉपी त्यांच्यावर टेकवा. चिकटवायचा दिवसही मधल्या तापमानाचा निवडा, म्हणजे उन्हात आणि उंचावरच्या थंडीत सरकणं दोन्हीकडे वाटलं जाईल.

डावा कोपरा दाबून बसवू नका. ॲक्रिलिक कायम वाकलेलं राहिलं की त्यात बारीक जाळीदार चिरा येतात, आणि गोंदालाही तिथे रात्रंदिवस सोलणारं बळ सोसावं लागतं. गोंदाला सरळ ताण किंवा सरकणं चालतं, सोलणं चालत नाही. तिथे फ्रेम वाकवून जुळवा, नाहीतर तेवढ्या भागात थर जाड ठेवा.

पावडर कोटिंगचं उत्तर तुमच्या तिसऱ्या पट्टीनेच दिलंय. त्या जागेपुरतं स्टीलपर्यंत काढा, दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर मारा, पूर्ण सुकल्यावर खरखरीत करा आणि पुन्हा एक पट्टी सोलून बघा.

बाहेरून आरपार दिसणाऱ्या ॲक्रिलिकमधून ऊन थेट जोडावर पडतं. गोंद ऊन सोसणारा असला तरी तो जिथे ॲक्रिलिकला धरतो ती जागा झाकावीच लागते. प्रायमरचा काळा पट्टा मदत करतो. त्यावरून काठाला फायबरग्लासची झालर बांधा, फ्रेमवर आणि कॅनॉपीवर दोन्हीकडे चढणारी. हाच तुमच्या स्क्रूंना पर्याय आहे: काठ वर उचलला तर झालर धरते आणि भोक एकही नाही.

ॲसिटोन, थिनर ॲक्रिलिकजवळ आणू नका. ओला गोंद बोटाने सारखा करताना स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल वापरायचा मोह होतो, तोही टाळा. अल्कोहोलने हा गोंद घट्ट व्हायचा थांबतो. आणि गॅरेजमधले सगळे सिलिकॉन स्प्रे आधी बाहेर काढा. एक बोट लागलं तरी तेवढ्या जागेवर काहीच धरत नाही.

ड्रॉइंगपासून वेगळं करताय तर डिझायनरला एकदा विचाराच.

मूळ लेखक

मनापासून आभार. स्क्रूंचा विषय संपला. डिझायनरला चाचणीच्या पट्ट्यांचे फोटो पाठवलेत. एक राहिलं: गोंद किती दिवसांत पूर्ण घट्ट होतो?

प्रतिसाद २

तो हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होतो, आणि तुमच्याकडे वर ॲक्रिलिक, खाली स्टील. ओलावा फक्त काठांतून शिरणार. पहिल्या दिवशी साधारण ३ मिमी, मग वेग कमी कमी होत जातो. २० मिमी पट्टीच्या मध्यापर्यंत १० मिमी, म्हणजे ११-१२ दिवस. थंड, कोरडी हवा असेल तर जास्तच. तीन आठवडे कॅनॉपी उघडूही नका. एका बाजूने धरून उघडली की फ्रेम पिळते, आणि अर्धा कच्चा जोड तिथेच सुटतो.

मूळ लेखक

तीन आठवडे, बरं. त्याआधी पावडर कोटिंग खरवडायचं आहे. डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करतो, फ्रेम तिथेच वाकवायची आहे.