अंडर-17 ने इराणला हरवलं, पण आपल्या पोरांचा एकूण इंटरनॅशनल रेकॉर्ड नेमका काय आहे?

ठाणेकर_मामा

मंडळी, जाणकारांनी जरा सविस्तर सांगा. परवा 30 नोव्हेंबर 2025 ला अहमदाबादला आपल्या अंडर-17 फुटबॉल टीमच्या पोरांनी इराणला 2-1 हरवलं आणि पुढच्या वर्षीच्या एशियन कपला क्वालिफाय झाली. मॅच मी आणि माझ्या भाच्याने मोबाईलवर बघितली, पहिला गोल इराणचा झाला तेव्हा वाटलं गेलं सगळं, कारण आधीच्या मॅचला लेबनॉनकडून 0-2 हरलो होतो आणि आता जिंकल्याशिवाय पर्यायच नव्हता. मग हाफटाइमच्या तोंडावर गांगटेची पेनल्टी, हाफनंतर गुनलेइबाचा गोल आणि पुढची चाळीस मिनिटं दोघंही जागेवरून हललो नाही.

भाचा 13 वर्षांचा आहे, शाळेकडून खेळतो, आणि मॅच संपल्यापासून डोकं खातोय की मामा आपण वर्ल्ड कपला एकदाच का गेलो, तिथे काय केलं, एशियात आपला नंबर कितवा. 2017 ला मी नेरूळच्या डी वाय पाटीलला मॅच बघितल्या होत्या पण त्या दुसऱ्या देशांच्या, इंडियाच्या तिन्ही दिल्लीला झाल्या. त्या टीमने इटलीला हरवलं होतं असं कुठेतरी ऐकलेलं, ते खरं आहे का? आणि ती पोरं आता कुठे खेळतात? आठवत असेल तेवढं लिहा.

पेठेतला_डावखुरा

मामा, सुरुवात वर्ल्ड कपपासून करतो. आपण 2017 ला यजमान म्हणून गेलो, क्वालिफाय होऊन नाही, हे भाच्याला आधी सांगा. ग्रुपमध्ये अमेरिका, कोलंबिया, घाना. अमेरिकेकडून 0-3, कोलंबियाकडून 1-2, घानाकडून 0-4. तीन मॅच, शून्य पॉइंट, एक गोल. कागदावर एवढंच आहे. पण अमेरिकेच्या मॅचला अन्वर अलीचा शॉट बारला लागून परत आला आणि त्याच काउंटरवर त्यांनी तिसरा गोल केला, म्हणजे 1-2 व्हायच्या जागी 0-3 झालं. हे स्कोअरलाइनमध्ये दिसत नाही.

आणि आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या टीमचा फॉरवर्ड होता भावा! इथे शाहू स्टेडियमला पीटीएम, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस या तालमींच्या टीमच्या मॅचला गॅलरीत पाय ठेवायला जागा नसते, पेठेपेठेत भांडणं होतात टीमवरून, पण आमच्यातला एक पोरगा इंडियाची जर्सी घालून वर्ल्ड कपला उतरतोय म्हटल्यावर सगळ्या तालमी एक झाल्या होत्या. लहानपणीच कोल्हापूर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला तो, तिथून पुढे आला. वर्ल्ड कपनंतर दीड महिन्यात हीच पोरं इंडियन अ‍ॅरोज म्हणून आय-लीगमध्ये मोठ्या माणसांविरुद्ध उतरली आणि पहिल्याच मॅचला चेन्नई सिटीला 3-0 हाणलं, त्यात दोन गोल अनिकेतचे. नंतर तो इंग्लंडला ब्लॅकबर्नकडे ट्रेनिंगला जाऊन आला, 2021-22 ला आयएसएल (इंडियन सुपर लीग) जिंकलेल्या हैदराबादच्या टीममध्ये होता.

इटलीचं म्हणाल तर ते तसं धरू नका. मे 2017 ला इटलीत मॅच झाली, 2-0 जिंकलो, अभिजित सरकार आणि राहुलने गोल मारले हे सगळं खरं, पण समोर इटलीची नॅशनल अंडर-17 टीम नव्हती, त्यांच्या खालच्या लीगच्या पोरांची सिलेक्शन टीम होती. बातमी मात्र इटलीला हरवलं अशीच फिरली. पोरांनी मॅच चांगलीच खेळली होती, पण रेकॉर्डमध्ये ती धरता येत नाही.

दिल्लीतला_पुणेकर

कोलंबियाची मॅच मी नेहरू स्टेडियमला बसून बघितली आहे त्यामुळे त्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सोमवार होता, 9 ऑक्टोबर. पहिल्या हाफला धीरज गोलमध्ये जे काय अडवत होता ते बघून आजूबाजूचे लोक एकमेकांना विचारत होते हा कोण पोरगा. हाफटाइमच्या जस्ट आधी राहुल केपीची व्हॉली पोस्टला लागली, पूर्ण स्टँड उभा राहिला आणि तसाच डोक्याला हात लावून खाली बसला. सेकंड हाफ सुरू झाल्या झाल्या पेन्यालोझाने 1-0 केलं. मग 82 व्या मिनिटाला आपल्याला कॉर्नर मिळाला, संजीव स्टॅलिनने बॉल आत टाकला आणि जॅक्सन सिंग सगळ्यांच्या वर उठला, हेडर, गोल. फिफाच्या कुठल्याही वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला गोल. आवाज असा झाला की शेजारचा माणूस काय ओरडतोय ते कळत नव्हतं, सगळी टीम कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर.

आणि पुढच्याच मिनिटाला पेन्यालोझाने परत मारला. आपली पोरं अजून गोलच्या नशेत होती, लाइन वर चढलेली, मागे जागा मोकळी. मला तेव्हापासून वाटतं की तो दुसरा गोल कोलंबियाच्या टॅलेंटपेक्षा अनुभवाचा होता. त्या लेव्हलला गोल मारल्यानंतरची पाच मिनिटं कशी काढायची हे शिकवून येत नाही, तशा मॅच खेळूनच येतं, आणि आपल्या पोरांनी पॉइंट पणाला लागलेल्या तशा मॅच त्याआधी किती खेळल्या होत्या? एक्सपोजर टूर बऱ्याच झाल्या पण फ्रेंडली ती फ्रेंडली.

मडगावकर

वरच्या दोघांनी वर्ल्ड कप सांगितला, मी एशियाचं सांगतो कारण खरा रेकॉर्ड तिथेच कळतो.

2016 ची एशियन अंडर-16 आमच्याकडे गोव्यात झाली, हीच वर्ल्ड कपची बॅच. यूएईकडून 2-3, सौदीशी 3-3, इराणकडून 0-3, ग्रुपमधूनच बाहेर. पण सौदीला तीन गोल घालणारी टीम बघून मजा आली होती हे नक्की.

आता 2018. कोच आमचे बिबियानो फर्नांडिस, मलेशियात स्पर्धा. या टीमबद्दल लोकांना कमी माहिती आहे आणि माझ्या मते आपल्या इतिहासातली सगळ्यात चांगली अंडर-16 टीम हीच. व्हिएतनामला 1-0, विक्रम प्रतापची पेनल्टी. मग इराणशी 0-0 आणि त्यात गोलकीपर नीरज कुमारने पेनल्टी अडवली. इंडोनेशियाशी 0-0. ग्रुपमध्ये एकही गोल खाल्ला नाही! 2002 नंतर पहिल्यांदा क्वार्टरफायनल. समोर कोरिया, जिंकलो तर थेट वर्ल्ड कप, यजमानपदाची गरजच नाही. 68 व्या मिनिटापर्यंत 0-0 होतं. मग नीरजने एक शॉट अडवला, रिबाउंड त्यांच्या जोंग सांग-बिनला मिळाला आणि संपलं. 0-1. एका गोलने वर्ल्ड कप गेला.

आणि मामा भाच्याला हे मुद्दाम सांगा, तेव्हा एशियातून पहिल्या चार टीम जायच्या. आता अंडर-17 वर्ल्ड कप 48 टीमचा झालाय, दर वर्षी कतारला होतो आणि एशियातून क्वार्टरफायनल गाठणाऱ्या आठही टीम जातात. म्हणजे 2018 ची ती टीम आजच्या नियमाने वर्ल्ड कपला गेली असती. परवा इराणला हरवलं तेव्हा कोच परत बिबियानोच होते. पुढच्या वर्षी सौदीत 16 टीम, चार ग्रुप, ग्रुपमध्ये पहिल्या दोनात आलो की झालं. पहिल्यांदाच आपल्या पायांवर वर्ल्ड कपला जायची खरी संधी आहे म्हणून मी एवढा लिहितोय.

2020 ची बॅच पण विसरू नका. ताश्कंदला क्वालिफायरमध्ये तुर्कमेनिस्तान 5-0, बहरीन 5-0, उझबेकिस्तानशी त्यांच्याच घरी 1-1, ग्रुपमध्ये पहिले आलो. आणि मग कोविड, मेन स्पर्धाच रद्द. त्या पोरांना ते वय परत मिळालं नाही.

गोलकिक_गिरगाव

सगळं मान्य पण जरा दुसरी बाजूही लिहूया नाहीतर भाच्याला वाटेल आपण फक्त नशिबाने मागे आहोत.

आपल्या वयोगटाच्या टीमचं एक ठरलेलं चित्र आहे. सॅफमध्ये, म्हणजे नेपाळ, बांगलादेश, भूतान, श्रीलंका वगैरे, तिथे आपण राजे. 2019 ला बंगालमधल्या कल्याणीला फायनलमध्ये नेपाळला 7-0. 2022, 2023, 2024, 2025, दर वर्षी चॅम्पियन. सॅफ संपलं, एशियाचं दार उघडलं की वेगळा खेळ चालू होतो. 2023 ला थायलंडमध्ये व्हिएतनामशी 1-1, उझबेकिस्तानकडून 0-1, जपानकडून 4-8. जपानला चार गोल मारणं कौतुकाचंच, पण आठ खाल्ले. 2024 ला क्वालिफायरमध्ये ब्रुनेईला 13 गोल मारले आणि थायलंडकडून 2-3 हरून बाहेर. तेरा गोल मारून त्या पोरांना काय शिकायला मिळालं? काहीच नाही. जी मॅच हवी होती ती थायलंडसारखीच, आणि तशी दोन वर्षांत एक मिळते.

उझबेकिस्तान बघा. 2019 ला आपण त्यांच्याशी बरोबरी केली, आणि 2025 ला ते एशियन अंडर-17 चॅम्पियन झाले, फायनलमध्ये नऊ जणांवर खेळून सौदीला 2-0 हरवलं. सिनियर टीम 2026 वर्ल्ड कपला पोहोचली. त्यांच्याकडे एका वयाची बॅच पंधराव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत एकत्र वाढवतात. आपल्याकडे 2017 नंतर अ‍ॅरोज चालू ठेवले ते 2022 ला बंद करून टाकले. ज्या टीममधून जॅक्सन, अपुइया, सुरेश, अन्वर, राहुल, प्रभसुखन गिल एवढी पोरं आयएसएल आणि सिनियर इंडियापर्यंत पोहोचली ती बंद! याचा मला अजून राग आहे आणि तो जाणार नाही.

शिवाय 2017 च्या 21 जणांत 8 मणिपूरचे होते. एवढंसं राज्य. महाराष्ट्राचा इथे वाढलेला अनिकेत एकटा, आणि दुसरा नमित देशपांडे, तो मुंबईत जन्मला पण वाढला अमेरिकेत. त्याच वर्षी सरकारने शाळाशाळांत बॉल वाटून एका दिवसात दहा लाख पोरांना खेळवलं होतं, बॉल वाटणं चांगलंच, पण बारा-तेरा वर्षांच्या पोराला जून ते मार्च दर रविवारी एक मॅच मिळते का? बहुतेक ठिकाणी नाही. नॉकआउट स्पर्धा असते, पहिल्या राउंडला हरलात की वर्ष संपलं. माझा एकच आग्रह आहे, पोरांना लीग द्या.

पेठेतला_डावखुरा

गिरगावकर, लीगचं शंभर टक्के पटलं. आमच्याकडे सिनियरची लीग दणक्यात होते पण लहान पोरांच्या मॅच अजून कमीच पडतात.

एक राहिलं. अंडर-20 ची पण गोष्ट आहे. ऑगस्ट 2018 ला स्पेनच्या कोटिफ स्पर्धेत आपल्या अंडर-20 ने अर्जेंटिनाच्या अंडर-20 ला 2-1 हरवलं, आणि ही इटलीसारखी भानगड नाही, समोर खरी अर्जेंटिना होती, कोच लिओनेल स्कालोनी, तोच जो चार वर्षांनी मेस्सीबरोबर वर्ल्ड कप घेऊन गेला. दीपक टांगरीचा चौथ्या मिनिटाला हेडर, मग सेकंड हाफला अनिकेतला रेड कार्ड, दहा जणांवर आलो, आणि दहा जण असताना अन्वर अलीने फ्री किक थेट बारच्या खाली घातली. आम्ही अनिकेतचं कार्ड बघून हळहळलो आणि थोड्याच वेळात नाचलो.

आणि त्याहून जुनं, 1974 ला बँकॉकमध्ये एशियन यूथचा कप आपण इराणबरोबर वाटून घेतला होता, फायनल 2-2, कॅप्टन शब्बीर अली. त्यानंतर या गटात एशियाचा कप नाही.

विंग_बॅक_नागपूर

सगळे फक्त मुलांचं लिहिताय म्हणून मी लिहिते. 2022 ला मुलींचा अंडर-17 वर्ल्ड कपही भारतातच झाला, आपल्या मॅच भुवनेश्वरला, कॅप्टन अस्तम ओराँव. अमेरिकेकडून 0-8, मोरोक्कोकडून 0-3, ब्राझीलकडून 0-5. आकडे कडू आहेत. पण त्याआधी कोविडमुळे स्पर्धा 2020 वरून पुढे गेली आणि ज्या मुलींनी तयारी केली होती त्यांचं वय उलटून गेलं, नवीन बॅच उभी करावी लागली, हेही सांगायला हवं. आणि यावर्षी ऑगस्टमध्ये आपल्या अंडर-20 मुली म्यानमारला त्यांच्या घरी 1-0 हरवून एशियन कपला पोहोचल्या, वीस वर्षांनी. ऑक्टोबरमध्ये अंडर-17 मुलींनी उझबेकिस्तानला 2-1 हरवून क्वालिफाय केलं. यजमान म्हणून नाही, खेळून. मामा, भाची असेल तर तिलाही मॅच दाखवा.

ठाणेकर_मामा

सगळ्यांचे मनापासून आभार, भाच्याला वाचून दाखवलं, कोलंबियाच्या गोलचा भाग दोनदा वाचायला लावला. ताई, भाची पण आहे, नऊ वर्षांची, तिच्यासाठी पण लक्षात ठेवतो.

एक शेवटचं विचारतो. भाच्याच्या ग्राउंडवर एक पालक म्हणत होते की जन्मतारीख वर्ष-दीड वर्ष पुढची करून घ्या, सगळेच करतात, सिलेक्शनला फायदा होतो. मला हे अजिबात पटलं नाही पण उत्तर काय द्यायचं कळेना.

मडगावकर

मामा, त्यांना स्पष्ट सांगा. नॅशनल कॅम्पच्या आधी मनगटाच्या हाडांची तपासणी होते, इकडे एक्स-रेवरून वय काढतात आणि फिफाच्या अंडर-17 ला तर मनगटाचा एमआरआयच असतो. कागद काही म्हणू दे, हाड खोटं बोलत नाही. दीड वर्ष मोठा पोरगा अंडर-13 मध्ये ताकदीवर गोल मारत राहतो, त्यामुळे पहिला टच, डोकं वर ठेवून पास, यातलं काही शिकतच नाही, आणि तपासणीत अडकला की टीममधूनही जातो. शिवाय त्याच्या जागी जो खरोखर तेरा वर्षांचा, बारीक चणीचा पण डोक्याने खेळणारा पोरगा होता तो बाहेर बसून राहतो. भाच्याला त्याच्या खऱ्या वयात खेळू द्या, उंचीने मार खात असेल तर खाऊ दे. आणि मे महिन्यात सौदीच्या मॅच चालू झाल्या की इथेच धागा काढा, ग्रुप कळला की मी टाइमिंग टाकतो.