मदत हवी आहे: कॅन्सर संशोधनातल्या प्राध्यापकपदाची मुलाखत, चॉक टॉकची तयारी कशी करू?

नमस्कार मंडळी,

मी मूळची यवतमाळची, सध्या पिट्सबर्गला पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करते. पाचवं वर्ष चालू आहे, म्हणजे के९९ ग्रँटची (पोस्टडॉकमधून स्वतःच्या लॅबकडे जाण्यासाठीचा अमेरिकी सरकारी निधी) चार वर्षांची मुदतही हुकली. ह्यूस्टनच्या एका मेडिकल स्कूलमध्ये कॉम्प्युटेशनल कॅन्सर बायॉलॉजीसाठी असिस्टंट प्रोफेसरची टेन्युअर ट्रॅक (पुढे कायम होऊ शकणारी) जागा निघाली होती. ऑक्टोबरात अर्ज टाकला, डिसेंबरात झूमवर पाऊण तास बोलणं झालं आणि काल मेल आली की फेब्रुवारीत दोन दिवस प्रत्यक्ष या. पहिल्या दिवशी सेमिनार, दुसऱ्या दिवशी चॉक टॉक.

सेमिनारचं काही वाटत नाही. केलेलं काम सांगायचं, स्लाइड तयार आहेत. पोटात गोळा येतो तो चॉक टॉकच्या नावाने. फक्त फळा आणि मार्कर, समोर पंधरा-वीस प्राध्यापक, आणि माझी लॅब पुढची पाच वर्षं काय करणार ते उभ्याने सांगायचं. दुसऱ्या वाक्यालाच कोणीतरी अडवतं म्हणे.

खरी अडचण वेगळीच आहे. माझे नऊ पेपर आहेत, त्यातल्या सहांत माझं नाव मधल्या गर्दीत. डॉक्टरांनी नमुने जमवले, वेट लॅबने (प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्यांनी) सिक्वेन्सिंग करून डीएनए वाचला, मी ॲनालिसिस करून दिलं. लग्नातल्या आचाऱ्यासारखं: जेवण सगळ्यांना आवडतं, फोटोत मात्र आपण नसतो. झूमवर एकाने विचारलंच, "दुसऱ्यांनी डेटा आणून दिला नाही, तर तुमची लॅब काय करेल?" मी काहीतरी पुटपुटले.

माझा स्वतःचा प्रश्न आहे, आणि तो जुना आहे. गालाच्या आतल्या बाजूचा आणि हिरडीचा कॅन्सर, आपल्याकडे तंबाखू-चुना, खर्रा खाणाऱ्यांना होतो तो. (माझ्या मामाचा अर्धा जबडा त्यात गेला.) टीसीजीए या कॅन्सरच्या जीनोमच्या मोठ्या अमेरिकी प्रकल्पात ३३ प्रकारचे कॅन्सर आणि ११,००० हून जास्त रुग्ण आहेत. त्यात डोकं-मानेचे ट्यूमर ५०० च्या वर, पण भरणा जीभ आणि स्वरयंत्राचा, कारण सिगारेट, दारू किंवा एचपीव्ही विषाणू. आपल्याकडे कल्याणीच्या एनआयबीएमजी या जीनोम संशोधन संस्थेने आणि खारघरच्या ॲक्ट्रेकने (टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र) मिळून गाल-हिरडीच्या ५० ट्यूमरचे एक्सोम (डीएनएमधला प्रथिनं घडवणारा भाग) वाचले, आणखी ६० रुग्णांत ताडून पाहिले आणि २०१३ मध्ये छापलं. नेहमीच्या टीपी५३, कॅस्प८ सोबत यूएसपी९एक्स, एआरआयडी२ असे बिघडलेले जीनही त्यात निघाले. मग अमेरिकी डेटावर शिकवलेलं कॉम्प्युटर मॉडेल खर्रा खाणाऱ्याच्या गालाला कितपत लागू पडतं? माझी लॅब या प्रश्नावर उभी करायची आहे.

पण टेक्सासमधल्या कमिटीला हा "तिकडचा" प्रश्न वाटेल का? मामाचं सांगावं की नाही? आणि स्टार्टअपमध्ये (लॅब उभारायला संस्था देते ते पैसे) किती आणि काय मागायचं? अनुभवी लोकांनी कृपया लिहावं.

— गणितवाली

फळापुसणा: अभिनंदन! मी दोन सर्च कमिट्यांवर बसलोय. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात तुमचा प्रश्न एका ओळीत लिहा, खाली तीन एम्स (aims, म्हणजे उद्दिष्टं), आणि तेवढा भाग शेवटपर्यंत पुसू नका. कुणी कुठेही ओढून नेलं तरी तिथे परत येता येतं. समोरचे मनात एकच हिशेब करत असतात, हिला पहिली आर०१ (लॅब चालवायला मिळणारी अमेरिकी एनआयएचची मोठी ग्रँट) मिळेल का? मेडिकल स्कूलमध्ये काही वर्षांनी पगाराचा मोठा वाटा ग्रँटमधून आणावा लागतो. किती टक्के आणि कधीपासून, ते ऑफर हातात आल्यावर लेखी घ्या. पीएचडीला १० वर्षं झाली नसतील तर अर्ली स्टेज म्हणून थोडी सवलत आहे, तेही बोलता बोलता कानावर घाला.

पहिला एम असा हवा की तो आज असलेल्या खुल्या डेटावर पूर्ण होईल. भारतातला डेटा दुसऱ्या-तिसऱ्यात. पहिलाच एम भारतावर टांगलात तर तिथेच कापतील. मामाचं एक वाक्य पुरे, तेही सेमिनारमध्ये.

खारघर_लोकल: वरच्यांशी सहमत. परदेशी संस्थेसोबत काम म्हटलं की एथिक्स कमिटी आहेच, वर आयसीएमआरकडची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एचएमएससी या आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी. महिने जातात हो ताई. नमुने देशाबाहेर न्यायचे असं फळ्यावर लिहूच नका. डेटा इथल्या सर्व्हरवर राहील आणि मॉडेल इकडे येऊन शिकून जाईल, अशी मांडणी करा. कागदपत्रं सोपी होतात, आणि ही पद्धत हाच तुमच्या लॅबचा स्वतंत्र विषय होऊ शकतो. इकडच्या कुणा सर्जनचं पाठिंब्याचं पत्र आत्ताच मागा, मुलाखतीनंतर नव्हे.

दोन_मॉनिटर: कॉम्प्युटरवाले स्टार्टअप मागताना लाजतात. "मला फक्त लॅपटॉप पुरे" असं चुकूनही म्हणू नका. क्लस्टरवरचा वेळ, स्टोरेज, दोन पोस्टडॉक, आणि सिक्वेन्सिंगसाठी स्वतःचे पैसे. स्पेशियल ट्रान्स्क्रिप्टॉमिक्सच्या (ट्यूमरमध्ये कुठे कोणता जीन चालू आहे ते दाखवणारं तंत्र) एकेका स्लाइडला हजारो डॉलर लागतात. ते पैसे तुमच्या हातात असले की झूमवरच्या त्या प्रश्नाला आपोआप उत्तर मिळतं: डेटा आम्हीच तयार करू.

ह्यूस्टन टेक्सासमध्ये असल्याने सीपीआरआयटीचंही (टेक्सास राज्याची कॅन्सर संशोधनाला निधी देणारी संस्था) विचारा. प्रथमच टेन्युअर ट्रॅकवर येणाऱ्यांसाठी २० लाख डॉलरपर्यंतची भरती ग्रँट आहे, पण नाव संस्थेनेच सुचवावं लागतं, आपल्याला थेट अर्ज करता येत नाही. ऑफर स्वीकारण्याआधी चेअरशी (विभागप्रमुखांशी) बोला.

गणितवाली: सगळ्यांचे मनापासून आभार. पहिला एम बदलला: आता टीसीजीएमधलेच थोडेफार गालाचे ट्यूमर वेगळे काढून मॉडेल कुठे चुकतं ते दाखवणार. खारघर_लोकल, पत्रासाठी एका सर्जनना काल मेल केली. काल नवऱ्याला समोर बसवून तालीमही केली. तो बँकेतला माणूस, अठराव्या मिनिटाला विचारतो, "हे सगळं ठीक, पण मॉडेल चुकतंय हे आधी कुणाला माहीत नव्हतं का?" उत्तर द्यायला दहा मिनिटं लागली. फळ्यावर ते दोन ओळींत बसवायचंय.

एक फालतू शंका: मार्कर आपले न्यावेत का?

फळापुसणा: न्या. तिकडचे हमखास वाळलेले असतात.