प्रत्यक्ष काम करून शेती शिकायची आहे. प्रशिक्षण कसे निवडावे?

प्रश्न (करवीर तालुका)
वडिलांच्या पश्चात पंचगंगेकाठची ३५ गुंठे मळीची (नदीच्या गाळाची) जमीन माझ्याकडे आली आहे. मी कारखान्यात नोकरी करतो आणि आजवर शेतात केवळ सुट्टीपुरता गेलो आहे. गेल्या वर्षी दोन दिवसांचे एक प्रशिक्षण घेतले, प्रमाणपत्रही मिळाले. परंतु वाफसा (मशागतीजोगी ओल) आला की नाही, एवढेही मला ओळखता आले नाही. हाताने काम करायला लावणारे प्रशिक्षण कसे निवडावे?

उत्तर (शिरोळ)
प्रशिक्षण किती दिवसांचे आहे यापेक्षा ते पिकाच्या कोणत्या अवस्थेत आहे, हे आधी विचारावे. उदाहरणार्थ, आपल्या भागातला ऊस एका भेटीत शिकता येत नाही. लावणीला बेणेमळ्यातील नऊ ते अकरा महिन्यांचे बेणे (लावणीसाठीचा ऊस) निवडणे, दोन डोळ्यांची टिपरी (तुकडे) तोडणे, बेणेप्रक्रिया करणे (टिपरी औषधाच्या द्रावणात बुडवणे) आणि सरीत टिपरी मांडताना डोळे वर-खाली न ठेवता दोन्ही बाजूंना येतील असे पाहणे, ही कामे स्वतः केली तरच हातात बसतात. त्यानंतर भांगलण (तण काढणे), बाळभरणी आणि मोठी भरणी (उसाला आधी थोडी व पुढे जास्त माती लावणे) आणि तोडणीनंतरचा खोडवा (त्याच बुडख्यांतून फुटणारे पुढचे पीक) अशा प्रत्येक टप्प्याला जावे लागते. मी स्वतः खोडव्यातच सर्वाधिक शिकलो. पाचट (उसाची वाळलेली पाने) न पेटवता सरीत दाबायचे, बुडखे जमिनीलगत छाटायचे आणि खत पहारीने भोक पाडून मुळांजवळ द्यायचे, हे मला एका वयस्कर शेतकऱ्याने पहार हातात देऊन शिकवले.
वाफशासाठी मूठभर मातीचा गोळा करून तो कमरेएवढ्या उंचीवरून सोडावा. तो फुटून मोकळा झाला तर वाफसा आहे, असे समजावे. चिकटून राहिला तर थांबावे. आपल्या मळीत हे फार महत्त्वाचे आहे, कारण ओल्यात पाय घातला की ढेकळे पुढे महिनाभर त्रास देतात.

उत्तर (निवृत्त कृषी सहायक)
आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात कणेरी आणि तळसंदे येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. देशातील पहिले केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीत सुरू झाले, तेव्हापासून 'करून शिकणे' हेच या केंद्रांचे सूत्र आहे. चौकशी करताना 'मला शेतात किती वेळ उभे करणार?' असे स्पष्ट विचारावे. हंगामभर ठराविक दिवशी एकाच प्लॉटवर भरणारी शेतीशाळा मिळाली, तर नोकरी सांभाळूनही ती जमते.
तत्पूर्वी माती तपासून घ्यावी. आपल्या शेतात पूर येतो का, हे मात्र आपण लिहिलेले नाही.

प्रश्नकर्ता
येतो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी संपूर्ण शेत पाण्याखाली होते.

उत्तर (निवृत्त कृषी सहायक)
मग जुलै-ऑगस्टची आडसाली लावण आपण करू नये, कारण कोवळा फुटवा पुरात टिकत नाही. 'सुरू' हंगामात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, लावलेला ऊस पावसाळ्यापर्यंत उंच होतो. म्हणून प्रशिक्षणही त्या लावणीपासून सुरू होणारे निवडावे.

उत्तर (कागल)
शेजाऱ्यांशी पैरा (कामाची अदलाबदल) करावा. त्यांच्या लावणीला आपण जावे, आपल्या लावणीला ते येतील. प्रशिक्षणात पाहिलेले काम त्याच आठवड्यात चार वेळा करायला मिळते.

प्रश्नकर्ता
शेजारच्या काकांशी आजच बोललो. त्यांचा खोडवा राखायचा आहे; रविवारी पहार घेऊन ये, असे त्यांनी सांगितले आहे.