मदत हवी आहे: शाळेत तोतरेपणावर बोलायचंय, आणि मी स्वतःच अडखळतो (नागपूर)

नमस्कार मंडळी. वय ३६, लहानपणापासून अडखळतो. २२ ऑक्टोबरला तोतरेपणाच्या जागृतीचा आंतरराष्ट्रीय दिवस असतो, १९९८ पासून पाळतात. त्यानिमित्त भाचीच्या शाळेत सहावी ते आठवीच्या मुलांशी वीस मिनिटं बोलायचंय, पालकही येणार. हो म्हणून बसलो, आता झोप उडालीय.

माझं नाव 'प'नं सुरू होतं, यातच सगळं आलं. सिटी बसमध्ये 'पंचशील' फुटायचं नाही म्हणून झाशी राणी चौकाचं तिकीट काढून पायी जायचो. तर्री-पोहे हवे असताना समोसा खाल्लेला माणूस आहे मी. हजेरीला 'प्रेझेंट' अडकायचं म्हणून नुसता हात वर करायचो, तर उद्धट म्हणून एका सरांनी बाकावर उभं केलं. आजीनं मधात वेखंड उगाळून जिभेला लावलं (चव अजून आठवते).

तिशीत स्पीच थेरपी घेतली. अडकलो की जोर लावायचा नाही, तिथेच सैल सोडायचं, हे शिकलो. मग मुद्दाम अडखळायचा सराव. बर्डीवर एका दुकानात 'प-प-प-पायमोजे' मागितले, मला घाम फुटलेला अन् दुकानदार आपला शांतपणे मोजे दाखवून राहिला होता. अडखळणं कमी झालं, गेलं नाही. लपवणं मात्र गेलं.

घोळ असा की शाळेनं पत्रिकेत छापलंय, 'तोतरेपणावर मात केलेले'. बायको म्हणते, भाषण पाठ करून जा, एकदाही अडखळू नका. पण मी सफाईनं बोललो तर मागच्या बाकावर जे कुणी अडखळणारं पोरगं बसलं असेल, ते काय समजेल? आपलंच काहीतरी कमी पडतंय, असंच ना? मग उघड अडखळू का? मुलं हसली, 'हकला' म्हणाली तर? आणि पालकांना काय सांगावं? अनुभवी लोकांनी सांगा. नागपुरातलं कुणी सोबत यायला तयार असेल तर फारच बरं.

स्वरयंत्र: दादा, मी स्पीच थेरपिस्ट आहे. पाठ करून अजिबात जाऊ नका. पाठ केलेल्या वाक्यात शब्द बदलायची सोय नसते, त्या धास्तीनंच जास्त अडकाल. शाळेत 'भारत माझा देश आहे' सगळ्यांसोबत म्हणताना अडखळायचात का? बहुतेकांचं सुरात सूर मिसळला की सुरळीत चालतं. तेच मुलांकडून करून घ्या: आधी सगळे मिळून प्रतिज्ञा, मग तुम्ही एकटे. जीभ तीच, तोंड तेच. त्यात वेखंड काय करणार! पालकांना सांगा की दोन ते पाच वर्षांच्या वयात अडखळायला लागलेली बरीच मुलं आपोआप सुधारतात, पण सहा महिने-वर्षभर टिकलं किंवा घरात आधी कुणाला असेल तर थांबू नका, दाखवून घ्या. आणि 'हळू बोल, श्वास घे' म्हणणं बंद. वाक्यही पूर्ण करून द्यायचं नाही.

संत्राबर्फी: मी मानेवाड्याला राहतो, मीही अडखळतो. येतो सोबत. दोघं अडखळलो तर वीस मिनिटं पुरायची नाहीत, तेवढं शाळेला सांगून ठेवा भाऊ 😄

धागाकर्ता: ताई, प्रतिज्ञेचं डोक्यातच आलं नव्हतं. (तो शब्दही 'प'नंच सुरू होतो म्हणा!) भाऊ, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. पत्रिकेतलं 'मात केलेले' काढा, असा मेसेज बाईंना टाइप केला होता. तो खोडला. फोनच करतो.